खाचा पाडलेली रिळं

काचेच्या गल्लीतल्या नऊ नंबरच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, आणि त्या दोन खुर्च्यांत जेवढं राजकारण होतं तेवढं नगरपालिकेच्या सभागृहातही नसेल. एक खुर्ची दाराशी, उजेडात. दुसरी आत, कपाटाच्या आडोशाला. दुकान दोघा रफूगार भावांचं. उजेडातली खुर्ची थोरल्याची, आडोशाची धाकट्याची. वडिलांनी नियमच घालून दिला होता की जो धागा निवडतो तो उजेडात बसतो आणि गिऱ्हाइकाशीही तोच बोलतो. दुसऱ्यानं कापड ताणून धरावं, सुई ओवावी, फाटके खिसे आणि कॉलरी सांभाळाव्यात आणि तोंड बंद ठेवावं. वडील जाऊन सव्वीस वर्षं झाली तरी नियम जागचा हलला नव्हता. धाकट्याचे केस पांढरे झाले, त्याची मुलगी लग्न होऊन गेली, पण दुकानात तो अजून 'दुसरा'च.

थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. दुकानदारांच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते, कारण दुसऱ्या कुणाला पद नको होतं आणि दादांना मात्र ते असल्याशिवाय जेवण जात नव्हतं. गल्ली म्हणजे तशी गल्ली नव्हतीच. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारं ते एक लांबलचक सार्वजनिक दालन होतं. दोन्ही बाजूंना दुकानं, वर लोखंडी कमानी आणि कमानींवर काचेचं छप्पर. वरून येणारा उजेड असा गाळून यायचा की कुठल्याही कपड्याचा खरा रंग तिथेच कळावा. वडिलांनी दुकान तिथे घेतलं ते त्या उजेडासाठी. ते म्हणायचे, दिव्याखाली जुळवलेला धागा आणि दिव्याखाली पसंत केलेली सोयरीक, दोन्ही सकाळी फसतात.

रफूचं सगळं मर्म धाग्यात असतं. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा निघाला तर प्रश्नच मिटला. पण हल्लीच्या तयार कपड्यांना दुमडच नसते. शिवणारे तेवढंही कापड वाचवतात. मग धागा आपल्या रिळांतून जुळवावा लागतो. नऊ नंबरच्या भिंतीवर तीनशे बारा लाकडी रिळं मांडलेली होती. दादा कपडा घेऊन दारात यायचे, उजेडात धरायचे, आणि मागे न बघता हात लांबवून नेमकं रीळ काढायचे. येणारे-जाणारे हे बघायला थांबायचे. कुणी थांबलं की दादा आतल्या बाजूला तोंड करून म्हणायचे, "आमच्या धाकट्याला विचाराल तर जगात रंग दोनच. फिका आणि गडद." लोक हसायचे. धाकटाही हसायचा. सव्वीस वर्षं एकाच विनोदाला हसायचं म्हणजे काही सोपं काम नाही.

आता या दादांची झाकली मूठ उघडायला हवी. दोन वर्षांपासून दादांना रंग दिसत नव्हते.

एकदम गेले नाहीत. आधी निळा आणि जांभळा एकमेकांच्या गळ्यात पडले, मग हिरव्याचा तपकिरी झाला, आणि एका सकाळी सगळी भिंत चहात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. आकार दिसायचा, वीण दिसायची, सुईचं नेढं दिसायचं. रंग तेवढे निघून गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी दादांनी डोळ्यांचा डॉक्टर गाठला. घरी सांगितलं, मित्राच्या मुलाच्या लग्नाला जातोय. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे, उरलंय तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. दादांनी कागद घडी करून कोटाच्या अस्तरात घातला आणि वरून टाका मारला. रफूगाराला तिजोरी कशाला लागते?

मग त्यांनी बंदोबस्त केला. एका रविवारी दुकान बंद असताना बायकोला सोबत नेलं, आणि ती नाव सांगेल तशा प्रत्येक रिळाच्या कडेला पात्यानं खाचा पाडल्या. लालाला एक, निळ्याला दोन, हिरव्याला तीन, आणि छटा असेल तशी खाच आडवी किंवा तिरपी. बायकोला त्यांनी सांगितलं, म्हातारपणाची सोय. तिनं विचारलं नाही आणि पुढे कधी बोललीही नाही. तो तिचा जुनाच गुण होता आणि दादांनी त्याचा आयुष्यभर फायदा घेतला होता.

रीळ ओळखायची सोय झाली, कपड्याचा रंग कसा ओळखायचा? तर तो गिऱ्हाइकाकडूनच काढून घ्यायचा. शाल पुढे आली की दादा परीक्षकासारखा चेहरा करून विचारायचे, "बरं, हा रंग कुठला म्हणाल तुम्ही?" गिऱ्हाईक बिचारं मास्तरांपुढं उभं राहिल्यासारखं म्हणायचं, "मोरपंखी?" दादा मान हलवायचे. "चूक नाही. पण त्यात थोडा करडा आहे." गिऱ्हाईक पुन्हा बघायचं, आणि त्यालाही करडा दिसायला लागायचा. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत एकही कपडा परत आला नाही. दादांची खात्री पटली की डोळे गेले तरी हात शहाणा आहे. उलट त्यांना थोडा गर्वच चढला.

अशात छपराला शंभर वर्षं पूर्ण झाली, आणि नगरपालिकेनं एका प्रकाशकलावंत बाईंना बोलावलं. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव दिवेवाल्या बाई ठेवलं. उंच, अबोल, खिशात कायम मोजपट्टी. त्यांची कल्पना अशी होती की छपरावर काळं कापड पसरायचं, बाहेरचा उजेड पूर्ण बंद करायचा, आणि कमानींना दोनशे दिवे टांगायचे. दिवे असे की त्यातून एकच पिवळा निघतो, दुसरा कुठलाही रंग त्यात नाही. त्यामुळे त्या उजेडात कशालाच रंग उरत नाही. लाल, निळा, हिरवा, सगळं करडं. तीन महिने गल्ली अशी राहणार. रंग काढून घेतला की माणसं एकमेकांचे चेहरे नीट बघतात, असं बाईंचं म्हणणं.

दुकानदारांच्या सह्या हव्या होत्या. म्हणून बाईंनी नऊ नंबरच्या शेजारच्या रिकाम्या गाळ्यात एक दिवा लावून दाखवला. प्रयोगासाठी दादांच्याच दुकानातून त्यांनी दहा रिळं मागून नेली आणि टेबलावर पसरली. सगळ्यांना म्हणाल्या, यातलं लाल उचला. घड्याळवाल्यानं उचललं ते बाहेर नेल्यावर हिरवं निघालं. फुलवाली तर हटूनच बसली की हेच लाल, आणि बाहेर गेल्यावर ते निळं निघालं. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. माणसं गाळ्यात शिरत होती, गोंधळत होती, एकमेकांच्या करड्या तोंडांकडे बघत होती.

आणि दादा? दादा दारात उभे राहून बघत होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचा दगड हलला होता. सगळे आपल्यासारखे झाले. घड्याळवाला, फुलवाली, सगळे. त्या गाळ्यात कुणालाच कुणापेक्षा जास्त दिसत नव्हतं.

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण मानाची खाज माणसाला गप्प बसू देत नाही. दादा पुढे झाले, दहा रिळांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि एक उचलून बाईंच्या हातात ठेवलं. बाहेर नेलं. लाल. गाळ्यात टाळ्या पडल्या. फुलवाली म्हणाली, "याला म्हणतात नजर. बाकी आपण सगळे आंधळे." याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त बाईंनी. त्या ते रीळ हातात फिरवत राहिल्या. धाकट्यानंही वाजवल्या नाहीत, पण त्याच्याकडे कोण बघतंय.

संमतीपत्रावर पहिली सही दादांची झाली.

दिवे लागले आणि गल्ली फुलून गेली. लोक लांबून यायचे, करड्या गर्दीत हरवायचे, फोटो काढायचे. बटणांच्या दुकानात लाल बटणं आणि हिरवी बटणं गुण्यागोविंदानं नांदू लागली. दादांनी पाटी लावली की कलाकृतीमुळे रंगजुळणी सकाळी रस्त्यावर नेऊन केली जाईल, थोडा वेळ लागेल. खाच चुकली, गिऱ्हाईक चुकलं, काहीही चुकलं तरी नाव दिव्याचं घ्यायची सोय झाली. दादा संध्याकाळी गल्लीतून सावकाश चालायचे. कुणी समोर कुठलाही कपडा धरेल याची भीती नव्हती. बाई कमानीखाली उभ्या दिसल्या की ते हसून मान डोलवायचे, आणि बाईही डोलवायच्या.

तक्रार एकटीची होती, फुलवालीची. तिचे गुलाब वाळलेल्या पाल्यासारखे दिसत होते आणि झेंडूला कुणी विचारत नव्हतं. ती रोज दादांकडे यायची की अध्यक्ष आहात, काहीतरी करा. दादा म्हणायचे, कला आहे बाई, कलेला वेळ द्यावा लागतो. ती जाताना पुटपुटायची की नाकानं कांदे सोलायला यांचं काय जातंय, फुलं सुकतायत माझी.

अठराव्या दिवशी धाकटा तापानं आजारी पडला आणि तीन दिवस दुकानात आला नाही. त्या दिवसांत एका शाळेच्या मुख्याध्यापिका आपली लोकरीची शाल घेऊन आल्या. कोपऱ्यात बोटभर फाटली होती. दादांनी नेहमीचा प्रश्न केला. बाई शाळेतल्या. प्रश्न विचारायची त्यांना सवय, उत्तर द्यायची नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही रफूगार आहात ना, तुम्हीच सांगा." दादांनी दिव्यांकडे बोट केलं. म्हणाले, इथे कसं कळणार, सकाळी बाहेर नेऊन बघतो. सकाळी बाहेर नेली, उलटीपालटी केली, आणि शेवटी अंदाजानं खाच निवडली. हात शहाणा आहे, दुसरं काय.

एकविसाव्या दिवशी मुख्याध्यापिका शाल घेऊन परत आल्या. दोन वर्षांत परत आलेला हा पहिला कपडा. त्यांनी गल्लीत बोलणं टाळलं. पाच-सहा जणांना शाल दाखवायला बाहेर रस्त्यावर नेलं, भर दुपारच्या उन्हात. दादांनाही यावं लागलं. शाल उलगडली आणि लोकांच्या तोंडून 'अरेरे' निघालं. घड्याळवाला खाली बघायला लागला. दादा वाकले, शाल डोळ्यांजवळ नेली. वीण सुरेख होती. टाका दिसत नव्हता. लोक कशाला अरेरे म्हणतायत ते दादांना काही केल्या सापडेना.

फुलवाली पुढे झाली. "दादा, जांभळ्या शालीवर पोपटी चौकोन बसवलाय तुम्ही. हे तुम्हाला दिसत नाही?"

वर सूर्य होता. दिव्यांचं नाव घ्यायला दिवे तिथे नव्हते. सगळे दादांच्या तोंडाकडे बघत होते, आणि दिवेवाल्या बाईंचं म्हणणं खरं होतं म्हणायचं, माणसं चेहरे नीट बघायला लागली होती. दादांना एका क्षणात सगळं समोर दिसलं. खुर्ची जाणार. मागे न बघता रीळ काढणारा तो हात गल्लीच्या चेष्टेचा विषय होणार. आणि धाकटा बाहेर येऊन उजेडात बसणार. तो धाकटा, ज्याच्या लेखी रंग दोनच.

"नाही दिसत," दादा म्हणाले. आवाज खरोखरच कापत होता. "तीन आठवडे त्या दिव्यांत बसतोय मी. डोळे गेले माझे."

खोटं बोलायला तयारी लागते असं म्हणतात. तसं काही नसतं. भीती पुरेशी असते.

फुलवालीनं दादांचा हात धरला. तिचे डोळे भरून आले, आणि त्या भरलेल्या डोळ्यांत तिला आपली टवटवीत गुलाबांची टोपली दिसत नसेल असं कोण सांगणार. संध्याकाळपर्यंत अर्ज तयार झाला. विक्री घटली म्हणून नगरपालिका दिवे काढत नव्हती, पण दिव्यांनी कुणाचे डोळे गेले म्हटल्यावर साहेबांच्या खुर्च्या करकरल्या. दादा नव्या डॉक्टरकडे गेले. नव्या डॉक्टरनं लिहून दिलं की रंग ओळखण्याची शक्ती गेलेली आहे, कारण निश्चित सांगता येत नाही. दादांना दुसऱ्या अर्ध्या वाक्याशी कर्तव्य नव्हतं. चौकशी लागली.

चौकशी नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर झाली. लांब टेबल, पंखा, पाण्याचे पेले. टेबलापलीकडे अधिकारी, अलीकडे एका बाजूला दिवेवाल्या बाई, दुसऱ्या बाजूला दादा, फुलवाली आणि अर्धी गल्ली. तापातून उठलेला धाकटा भिंतीशी बसला होता, तिथेही आडोशालाच. बाईंनी दिव्यांचे कागद मांडले, हे दिवे कुठे कुठे वापरतात आणि त्यांनी डोळ्यांना काही होत नाही ते सांगितलं. कागद कुणी वाचले नाहीत. फुलवालीनं दादांची महती सांगितली. पहिल्या दिवशी सगळे फसले असताना एकट्या दादांनी लाल रीळ ओळखलं होतं, सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. एवढी ज्याची नजर, त्याला आज जांभळं ओळखता येत नाही.

बाईंनी एवढा वेळ आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. त्या म्हणाल्या, "त्या उजेडात लाल ओळखणं कुणालाच शक्य नाही. त्यात रंगच नसतो. नजर कितीही तयार असली तरी नसलेलं दिसत नाही. यांनी ते रीळ रंग बघून उचललं नव्हतं. रिळांच्या कडेला खाचा आहेत. मी हातात घेतलं तेव्हाच मला लागल्या. ज्याला रंग दिसतात तो रिळांना खाचा कशाला पाडेल?"

खोलीत गडबड उडाली. फुलवाली उभी राहिली, आमच्या दादांना खोटं पाडता का, म्हणाली. अधिकाऱ्यांनी तिला बसवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, दादांच्या मनात त्या वेळी दोनशे दिवे एकदम लागले होते.

अधिकाऱ्यांनी भिंतीकडे बघितलं. दुकानात बसणारा दुसरा माणूस हाच. त्यांनी त्याला पुढे बोलावलं आणि सरळ विचारलं, खाचा आहेत का?

"आहेत," धाकटा म्हणाला.

"कुणी पाडल्या? कधी?"

दादांनी डोळे मिटले. धाकट्याला काय माहीत असणार होतं? त्यानं कधी पाहिल्या असतील, कधी नसतील. पण तो नुसतं 'माहीत नाही' म्हणाला असता तरी बाकीचं बाईंनी उलगडलं असतं.

"वडिलांनी," धाकटा म्हणाला. "फार जुन्या आहेत. त्यांच्या वेळी वीज जायची. अंधारात रीळ सापडावं म्हणून त्यांनी पाडल्या. दादाचा अंगठा लहानपणापासून त्यांवर बसलाय, म्हणून त्याला त्या दिवशी लाल सापडलं. पण रंग त्याला चांगले दिसायचे. मीच साक्षीदार आहे. रोजचा."

खोटं असं सफाईनं विणलेलं होतं की उलटी बाजूही सुलटीसारखी दिसावी. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. धाकट्यानं सही केली. दादांनी डोळे उघडले तेव्हा धाकटा त्यांच्याकडे बघत नव्हता, आणि तेवढ्यावरून दादांना कळलं की याला सगळं माहीत आहे.

निर्णय तिथल्या तिथे झाला. दिवे आठवड्याच्या आत उतरवायचे, बाईंचं पुढचं काम, नदीवरच्या पुलाचं, तूर्त स्थगित. बाईंनी कागद गोळा केले. बाहेर जिन्याशी दादा आणि त्या समोरासमोर आले. दादांनी वाट सोडली. बाई गेल्या नाहीत.

"पहिल्या दिवशी गाळ्यात सगळे गोंधळले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटे शांत उभे होतात. तुमच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता. मला वाटलं, चला, एकाला तरी माझं काम कळलं."

बाई जिना उतरून गेल्या. मोजपट्टी खिशाबाहेर लोंबत होती ती त्यांनी आत सारली नाही.

दुकानात परत आल्यावर धाकट्यानं दार ओढून घेतलं. बाहेर अजून पिवळाच उजेड होता. दादा आपल्या खुर्चीवर बसले. मग दादांनी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"पहिल्या महिन्यापासून," धाकटा म्हणाला. "निळ्या स्वेटरला तू राखाडी धागा लावला होतास. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ते न्यायला येणार होतं. मी पहाटे येऊन उसवलं आणि पुन्हा रफू केलं."

मग त्यानं बाकीचंही सांगितलं, खिसे शिवताना सांगावं तसं, सुईवरची नजर न काढता. रोज पहाटे, गल्लीत कुणी नसताना, छपरातून पहिला उजेड उतरला की तो दादांचं आदल्या दिवशीचं काम उघडायचा. धागा चुकला असेल तर उसवायचा, खरा धागा लावायचा, आणि टाका दादांचाच मारायचा. शेवटी किंचित डावीकडे झुकणारा तो टाका. सव्वीस वर्षं समोर बसून तेच बघितलं होतं, हाताला येणारच. दिवे लागल्यापासून कपडे घेऊन तो पहाटे रस्त्यावर जाऊन बसायचा. तापाचे तीन दिवस तेवढे चुकले, आणि त्यातच शाल आली.

याच पहाटेच्या येण्यावर दादा दोन वर्षं गल्लीभर बोलत होते. घरी बायको चहा देत नाही, म्हणून आमचा धाकटा कोंबड्याआधी दुकानात येऊन बसतो, आणि एवढं लवकर येऊन काम काय करतो तर दिवसभर पेंगतो. लोक हसायचे. धाकटा हसायचा.

यावर एखाद्यानं भावाला मिठी मारली असती. दादांनी मांडीवरची कात्री टेबलावर आपटली.

"कुणी सांगितलं होतं तुला? माझ्या कामाला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली?"

"तुझ्यासाठी नाही लावला," धाकटा म्हणाला. "दुकान दोघांचं आहे. कपडे परत यायला लागले असते तर मलाही घरी बसावं लागलं असतं."

"मग तेव्हाच तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू खुर्ची सोडली असतीस?"

सोडली नसती, हे दोघांनाही माहीत होतं.

"तू बस तिथेच," धाकटा म्हणाला. "मला नको ती. लोक आता तुला बघायला येणार. तू आत बसलास तर विचारतील. मी सगळ्यांसमोर खोटं लिहून दिलंय, दादा. त्या बाईचं काम गेलं माझ्या सहीनं. आता ते निभवायचं तर दोघांनीही निभवायचं."

दिवे उतरले. काळं कापड निघालं. काचांमधून पूर्वीसारखा उजेड खाली आला, आणि गल्लीत त्या दिवशी लोकांनी एकमेकांना आपापल्या कपड्यांचे रंग दाखवले म्हणतात. फुलवालीचे गुलाब पुन्हा विकले जाऊ लागले. तिनं दादांना रोज एक गुलाब द्यायचा नेम धरला, आणि रोज रंग सांगून द्यायची, दयाबुद्धीनं, जरा मोठ्यानं. दादांना तो आवाज नऊ नंबरपासून बटणांच्या दुकानापर्यंत जाताना ऐकू यायचा.

लोक येऊ लागले. दिव्यांनी डोळे गेलेला रफूगार बघायला. दादा सगळी हकिगत सांगायचे, आणि सांगता सांगता तिला अस्तर लागत गेलं, बाह्या लागल्या. पाचव्या दिवशी डोळे चुरचुरले, दहाव्या दिवशी निळा गेला, पंधराव्याला हिरवा. ऐकणारे हळहळत. दादांच्या मागे धाकटा धागा निवडायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा, आणि एकदाही मध्ये बोलून दुरुस्ती करायचा नाही. विनोद मात्र बंद झाला. धाकट्याला दोनच रंग कळतात असं दादांना आता म्हणता येईना, आणि त्या विनोदाशिवाय दोघांत बोलण्यासारखं दुसरं काही कधी जमलेलं नव्हतं, हे तेव्हा उघड झालं.

पण दादांच्या मनात एक सल होता तो डोळ्यांचा नव्हता, बाईंचा तर नव्हताच. बाईंचा पूल गेला तो गेला, त्यांना दुसरा मिळेल, असं ते स्वतःला सांगायचे आणि त्यांना ते पटायचंही. सल दुसराच होता. एखादं जुनं गिऱ्हाईक जुना कोट घालून समोर यायचं आणि म्हणायचं, दादा, हे बघा, तुम्ही केलेलं, अजून दिसत नाही कुठे फाटलं होतं ते. दादा बोट फिरवायचे. शेवटी डावीकडे झुकणारा टाका लागायचा. आपला की त्याचा? बोटाला कळायचं नाही. दोन वर्षांची शाबासकी दादांनी घेतली होती, आणि आता ती एकेका कोटावर, एकेका शालीवर गावभर फिरत होती, आणि तिच्यातली आपली किती हे विचारायला जगात एकच माणूस होता.

महिनाभर त्यांनी विचारलं नाही. महिन्यानंतर एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, विचारलं. धाकट्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून.

"त्या दोन वर्षांत रिळाचा धागा लावून मी केलेलं, तू न उसवलेलं... असं एकही नसेल ना?"

धाकटा सुई ओवत होता. ओवून झाली, धाग्याला गाठ मारली. त्याला आठवायला वेळ लागत होता, की सांगावं की नको हे ठरवायला, कोण जाणे.

"एक आहे," तो म्हणाला. "एका वकिलांचा कोट. काळा होता."

दादांनी बराच वेळ रस्त्यावरच्या माणसांकडे बघितलं. मग ताठ बसले. आवाजात जुनी धार आणायचा प्रयत्न केला, आणि बऱ्यापैकी आणलीही.

"काळ्यालाही चार जाती असतात," ते म्हणाले. "निळसर काळा, तांबूस काळा. प्रत्येकाला जमत नाही ते."

"नाही जमत," धाकटा म्हणाला, आणि पुढचा कपडा घेऊन दारात, उजेडाकडे गेला. जाताना त्याला दादांची खुर्ची आडवी येत होती. तो तिला वळसा घालून गेला.